कांदाचाळीत सेन्सर कसा बसवावा : नवशिक्यांसाठी

साहित्य : रास्पबेरी पाय एक, डीएस१८बी२० तापमान सेन्सर एक, ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर एक, राहुरी-नेवाशाकडची भरलेली कांदाचाळ आणि अर्धवट पाहिलेला यूट्यूब व्हिडिओ.

पायरी १. सेन्सरचा कर्नल ड्रायव्हर स्वतःच लिहायचा, असा निर्धार करा. रात्री जागा. लिनक्सच्या कर्नलमध्ये हा ड्रायव्हर आधीपासूनच आहे, हे सगळ्यात शेवटी शोधा. साध्या प्रोग्रामात चूक झाली तर तेवढा प्रोग्राम बंद पडतो. ड्रायव्हरात झाली तर अख्खं यंत्र मान टाकतं.

पायरी २. लाल वायर पिन १ ला, म्हणजे ३.३ व्होल्टला, काळी पिन ६ ला, ग्राउंडला, पिवळी पिन ७ ला. रेझिस्टर लाल आणि पिवळीच्या मध्ये. ‘एवढ्याशानं काय होतंय?’ म्हणत तो गाळण्याची प्रथा आहे. ती पाळा, सेन्सर दिसणार नाही आणि लिनक्सला मनसोक्त शिव्या घालता येतील.

पायरी ३. यूएसबीला लावलेली वस्तू आपलं नाव-गाव स्वतः सांगते. थेट पिनेला जोडलेली तार तसं काही सांगत नाही. म्हणून कॉन्फिग फायलीत वन-वायरच्या ओव्हरलेची एक ओळ टाका आणि पाय रीस्टार्ट करा. पुढचं कर्नल बघतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ६४ बिटांचा नंबर असतो, त्यामुळे एकाच तारेवर अनेक सेन्सर चालतात.

पायरी ४. आता आकडा वाचा. २९५६२ दिसलं म्हणून चाळ पेटल्याची बोंब मारू नका, हजारानं भागा. भागून नेमके ८५ अंश आले, तरी कांदा शिजलेला नाही. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत सेन्सर हाच आकडा धरून बसतो. वर चेकसमपुढे ‘येस’ही असतं! त्याचा अर्थ निरोप धड पोचला एवढाच. तो खरा आहे, असा नव्हे. मोजायला पाऊण सेकंद लागतो आणि त्या वेळात वीज डगमगली की पुन्हा ८५. सैल जोड आवळा.

पायरी ५. सेन्सर ढिगाच्या पोटात सोडा. साठवलेला कांदा २५ ते ३० अंशांत बरा टिकतो. पण सडका कांदा आधी नाकाला कळतो आणि या सेन्सरला नाक नाही. तेव्हा चाळीतली रोजची फेरी चुकवू नका.