‘बघतो’ म्हणजे नाही

उन्हाळ्यात जपान आपल्या साडेतीन तास पुढे असतो आणि जर्मनी साडेतीन तास मागे. पुणे बरोब्बर मध्ये. त्यामुळे आमच्या ऑफिसातली मंडळी सकाळी टोकियोसमोर वाकतात, डबा खातात आणि दुपारी स्टुटगार्टसमोर ताठ बसतात.

मागच्या महिन्यात स्टुटगार्टच्या साहेबांनी विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल?" आमचे मॅनेजर म्हणाले, "बघतो." अर्थात इंग्रजीत. आता ‘बघतो’ म्हणजे नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. साहेबांनी मात्र वहीत ‘शुक्रवार’ लिहिलं आणि शुक्रवारी चक्क फोन केला! माणसाने इतकं शब्दाला चिकटून राहावं?

जपानकडे उलटाच घोळ. त्यांच्या बैठकीत मॅनेजरनी अकरा वेळा ‘हाय’ मोजलं आणि पेढे मागवले. ‘हाय’चा अर्थ ‘हो’ असला, तरी बैठकीत तो बऱ्याचदा ‘ऐकतोय, चालू द्या’ एवढाच असतो. शेवटी जपानी साहेब ‘केंतो शिमास’ म्हणाले, म्हणजे ‘विचार करतो’. हा बहुतेक वेळा नकारच. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मॅनेजरनी मुलीला आलेल्या एका स्थळाला ‘पत्रिका बघून कळवतो’ असं कळवलं होतं. पत्रिका त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती.

मग कंपनीने प्रशिक्षण ठेवलं. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1976 साली सांगून ठेवलंय म्हणे, की काही समाज सगळं शब्दांत बोलतात, काही न बोलता समजून घेतात. जर्मन पहिल्यात, जपानी दुसऱ्यात. प्रशिक्षक बाई आम्हाला म्हणाल्या, "स्पष्ट बोलायला शिका."

पुण्यात! जिथे फाटकावर ‘गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ अशी पाटी असते! आमच्या मॅनेजरांच्याच दारावर लिहिलंय, ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.’ हाच गृहस्थ ऑफिसात आला की ‘जेंटल रिमाइंडर’ लिहितो. पाटी घरी, पाठ ऑफिसात.

बाईंच्या आग्रहाखातर त्यांनी मंगळवारी एकदाची दारावरच्या भाषेत मेल लिहिली : ‘काम शुक्रवारी होणार नाही. सोमवारी होईल. मध्ये विचारू नये.’

स्टुटगार्टहून चार मिनिटांत उत्तर आलं : ‘धन्यवाद. सोमवार.’

त्याच मेलची प्रत चुकून टोकियोलाही गेली. तिकडून अजून काहीच आलेलं नाही.