आमची चेटकीण फड्यावर बसत नाही

मराठीत गोड चेटकीण आणण्याचं श्रेय माझ्या नावावर लागायचं होतं. मुलाखतीची तयारीसुद्धा झाली होती. ‘चिचगडसारख्या आडबाजूच्या गावात राहून तुम्हाला हे सुचलं कसं?’ असं विचारलं की आधी खिडकीबाहेर बघायचं, मग चष्मा काढायचा आणि मग बोलायचं, इथवर ठरलं होतं. चष्मा पुसायचा की नुसताच हातात धरायचा, एवढं बाकी होतं. आणि कादंबरी.

पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीनं दिवाळीत इंग्रजी पुस्तकं आणून टाकली, तिथून हे खूळ शिरलं. प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर मांजर. गाव चिमुकलं, माणसं चक्रम, आणि चेटकीण म्हणजे बेकरी चालवणारी कुणी लाघवी बाई. ती मंत्र पुटपुटून केक फुगवते, शेजाऱ्यांच्या भांडणावर काढा उकळून देते. मधेच एक खून होतो, पण तो सगळ्यांच्या नावडत्या माणसाचा, त्यामुळे कुणाचं जेवण अडत नाही. शेवटी अख्खं गाव तिच्याकडे चहाला. पुस्तक मिटलं आणि म्हटलं, चक्रम माणसांत विलायतेनं आमच्या देवरी तालुक्याशी स्पर्धा करूच नये.

सामान जमवायला घेतलं. बेकरीच्या जागी चहाची टपरी. लोकर विणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या जागी बचत गट. हेरगिरीला पोलीस पाटील. काढा उकळायला घरचा मोठा गंज. मांजरं वाटेल तितकी. घोडं अडलं ते झाडूपाशी.

तिकडची चेटकीण झाडूवर टांग टाकून उडते. इकडे झाडू म्हणजे फडा, आणि फडा म्हणजे साक्षात लक्ष्मी. लक्ष्मीपूजनाला नवा आणायचा, हळदकुंकू वाहायचं. पाय लागला तर हात लावून कपाळाला न्यायचा. उभा ठेवायचा नाही, येणाऱ्याच्या नजरेला पडेल असा ठेवायचा नाही, पाहुण्याची पाठ वळताच झाडायचं नाही आणि दिवेलागणीनंतर तर अजिबात नाही. आता अशा वस्तूवर बसून उडायचं म्हणजे चेटकिणीनं चढताना नमस्कार, उतरताना नमस्कार, आणि सूर्य मावळला की उड्डाणं बंद. धंदा सगळा रात्रीचा आणि वाहन फक्त दिवसा चालणारं!

म्हणून खराट्याकडे वळलो. त्याला देवपण कमी. पण ज्यानं एकदा तरी अंगण झाडलं आहे त्याला खराट्यावर बसण्यातले धोके सांगावे लागत नाहीत. सुपाचा विचार केला, तर धानाच्या मुलखात सूप फड्याहून मानाचं. मुसळ घ्यावं तर त्याचं लग्नात काम असतं. शेवटी मध्यरात्री एकदम सुचलं: बाज! अंगणातली आपली साधी दोरांची बाज. पडल्यापडल्या उडता येतं, उशाला तांब्या ठेवता येतो, चार काठ्या बांधल्या की मच्छरदाणीसुद्धा. जगात कुठल्याच चेटकिणीला ही सोय नाही. उड्डाणाचं पहिलंच वर्णन मी चांगलं सहा पानं लिहिलं. बाज वर जाताना करकरते, खाली बांधाबांधांनी कापलेल्या धानाच्या बांध्या दिसतात, सडकेवरचा ट्रकवाला मान वर करून बघतो आणि घाटात ब्रेक लावायचं विसरतो. सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बाज उडवता ते ठीक. पन तिचे दोर ढिले झाले, ते काऊन नाही कसून देत?”

लेकीला फोन केला तर तिनं आणखी हवा काढली. गोड चेटकीण मराठीत कधीचीच आहे, बाबा. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण! मला अर्थातच ठाऊक होतं, आठवायचं नव्हतं इतकंच. नावसुद्धा आमच्याच भावकीतलं वाटावं असं. दिलीप प्रभावळकरांनी ती उभी केली, 2018 मध्ये नाटक नव्यानं आलं तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले, आणि पोरं घाबरायच्या ऐवजी खुर्च्यांवर उभी राहून तिच्याशी भांडायला लागली. हेवा बाजूला ठेवून विचार केला तर एक गंमत दिसते. महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेली चेटकीण दोन्ही वेळा पुरुष होती. लुगडं नेसलेला, मिशी काढलेला, खेळ संपला की चेहरा धुऊन घरी जाणारा पुरुष.

हे मी मोठ्या झोकात ओसरीवर सांगत होतो. आमच्याकडे रोवण्याला येणारी बाई मजुरीच्या हिशोबाला आली होती, ती पायरीवर बसून ऐकत होती. सगळं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “गुरुजी, तुमच्या त्या चेटकिनीच्या घरी लोक चहा पितात जी?”

“पितात म्हणजे? गर्दी करतात!”

“असं?” म्हणाली, आणि पैसे मोजायला लागली.

माझी एक चुलत आत्या होती. गावाचं नाव सांगत नाही. तरुणपणीच नवरा गेलेला, पोरबाळ नाही, नावावर थोडी धानाची जमीन, आणि जंगलातल्या साली-मुळ्यांची चांगली जाण. कादंबरीला याहून जास्त काही लागत नाही. जमिनीवर डोळा असलेल्यांनाही लागलं नाही. कुणाची तरी गाय आटली, कुणाचं तरी लेकरू तापानं फणफणलं, आणि बोट आत्याकडे वळलं. मारहाण झाली नाही. तिचं नशीब चांगलं होतं असं मोठी माणसं म्हणायची. फक्त तिच्या घरचं पाणी पिणं बंद झालं. आई मात्र मला घेऊन जायची. आत्या चहाचा कप आणायची, त्यातला घोटभर बशीत ओतून आमच्यादेखत स्वतः प्यायची आणि मग कप माझ्यापुढे सरकवायची. मला वाटायचं, पोराची जीभ भाजू नये म्हणून बघते.

म्हणून त्या रात्री मी कायदा काढून वाचला. जादूटोणाविरोधी म्हणतात तो, 2013 चा. सीमेपलीकडे छत्तीसगडनं टोनही ठरवून बायकांना छळण्याविरुद्ध 2005 मध्येच कायदा केला होता, आपण मागून आलो. आपल्या कायद्याची अनुसूची वाचण्यासारखी आहे. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवतो, असं पसरवणं हा गुन्हा. दूध आटवतो! विधिमंडळात बसून कुणीतरी आमच्या आत्याच्या गावची गाय अनुसूचीत आणून बांधली होती. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. या कायद्यासाठी नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. लेकीनं आणलेल्या पुस्तकांत खुनाचा उलगडा अडीचशे पानांत होतो, तोही केक खातखात. इथे खालच्या कोर्टाचा निकाल यायला 2024 चा मे उजाडला. दोघांना जन्मठेप, तिघे सुटले. ‘नावडत्या माणसाचा खून’ हे वाक्य मी माझ्या टिपणवहीतून खोडलं. कुणाच्या नावडत्या, हा प्रश्न पुस्तकवाल्यांना पडत नसावा.

कादंबरी मात्र सोडलेली नाही. एवढी फुशारकी मारून झाल्यावर सोडता येत नाही. नायिका आता साठीची आहे, तिची बाज आहे, मांजर आहे, शेत तिच्याच नावावर आहे. तिसऱ्या प्रकरणात पुतण्या पारावर उभा राहून सांगतो की काकीमुळे म्हैस आटली. काकी मंत्र पुटपुटत नाही. ती चप्पल घालते, कायद्याची झेरॉक्स पिशवीत टाकते आणि ठाण्यात जाऊन दक्षता अधिकाऱ्यापुढे बसते.

हे प्रकरण घरात वाचून दाखवलं. भाजी निवडता निवडता प्रश्न आला, “मंग यात जादू कुठाय?”

“आहे ना. पहिल्याच खेपेला तिची तक्रार लिहून घेतात. पाणीही विचारतात.”

सौभाग्यवतींनी हातातली जुडी खाली ठेवली. “हे कोनी खरं नाही मानत. त्यापेक्षा तुमची बाज उडू द्या.”