सूर्य उगवला की नाही, अ‍ॅपला विचारा

गच्चीवर तीन किलोवॉटचा संच बसला की साधा वीजग्राहक सौरपती होतो. पूर्वी तो सकाळी खिडकीतून आभाळ बघायचा, आता मोबाइल बघतो. बाहेर ढग आलेत हे त्याला अ‍ॅपवरचा आलेख घसरल्यावर कळतं. ‘काल अकरा पॉइंट आठ झाली’ असं तो भाजीवाल्यालाही सांगतो. भाजीवाला साखरेचा आकडा समजून कारली पुढे करतो. वाय-फाय बंद पडलं तर विचारायलाच नको. पॅनेलं निमूटपणे वीज करत असतात, पण अ‍ॅपवर आकडा नाही म्हणजे यांच्या लेखी सूर्य मावळलेला. भर दुपारी बाराला बसवणाऱ्याला फोन जातो.

दक्षिणमुखी दार म्हणून ज्यांनी चांगले चांगले फ्लॅट नाकारले, त्यांच्याच गच्चीवर आज सगळी पॅनेलं दक्षिणेला तोंड करून उभी आहेत. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य त्याच अंगाने जातो, त्याला तरी काय करणार? शिवाय २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. यमाची दिशा इतके पैसे देत असेल तर वास्तुशास्त्रही समजूतदार होतं.

सावलीशी मात्र उभं वैर. साध्या जोडणीत पॅनेलं एका माळेत असतात आणि एकावर सावली पडली तर सगळ्या माळेची वीज कमी होऊ शकते. म्हणून शेजाऱ्याचा नारळ हा शत्रू नंबर एक. घरच्या आघाडीवर वाळत घातलेली नऊवारी. कुरडयांना तर गच्चीवर जागाच उरली नाही.

खरी गंमत मार्चमध्ये. जास्तीची युनिटं ग्रिडला देऊन महिनोन्महिने खात्यात साठवलेली असतात. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो आणि उरलेल्या युनिटांना जो दर मिळतो, तो आपण विकत घेतो त्या विजेच्या दरापेक्षा कितीतरी कमी. मग जन्मभर ‘न्हाणीघराचा दिवा कोणी चालू ठेवला?’ म्हणून ओरडणारा हाच गृहस्थ महिनाभर दोन-दोन एसी लावून शाल पांघरून बसतो. वीज वाचवण्यासाठी घेतलेल्या यंत्राने माणसाला वीज उधळायला शिकवावी, हे काही लहान यश नव्हे. तरीही बिल कोरं येत नाहीच. स्थिर आकार सूर्यालाही माफ नाही.

आणि एक दिवस वीज जाते. टळटळीत ऊन, गच्चीवर तापलेली पॅनेलं आणि खाली घरात पंखा बंद. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेलं की स्वतःही बंद होतो, नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. नियम अगदी योग्य आहे. फक्त लाखांत खर्च केलेले सौरपती घामाघूम बसलेले असतात आणि समोरच्या घरात जुन्या बॅटरीवर पंखा गरगरत असतो, एवढंच.

बॅटरीसह हायब्रिड संच मिळतो, पण तो महाग. कोटेशन घेताना सगळे अनुदान विचारतात, वॉरंटी विचारतात, अ‍ॅप मराठीत आहे का तेही विचारतात. तुम्ही सही करण्याआधी एवढंच विचारा: लाइट गेल्यावर पंखा फिरेल का? आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.