गोड का तिखट?

अण्णांच्या जगात मोटार जळत नाही, पोट बिघडत नाही, लग्न लागत नाही, माणूस मरत नाही. सगळ्याचा ‘कार्यक्रम’ होतो. असा एखादा अण्णा माजलगावच्या दर चहाच्या गाड्यावर सापडतो. आमच्या वाट्याचे अण्णा बसस्थानकाजवळ बसतात, चहा बशीत ओततात आणि फुंकर मारायच्या आधी बोलायला लागतात.

“रात्री हिरीवरच्या मोटारीचा कार्यक्रम झाला. तेवढ्यात पाव्हणे आलते, मग तेंच्यासंगं कार्यक्रम झाला. आता सकाळपसून पोटाचा कार्यक्रम चालू हाय.”

मोटार जळाली, पाव्हण्यांबरोबर बाटली फुटली आणि तिचं उत्तर सकाळी पोटानं दिलं. एका दमात एकच शब्द तीनदा आला, अर्थ तीन निघाले, आणि गाड्यावरच्या एकानंही ‘म्हणजे?’ असं विचारलं नाही. चहावाल्यानं फक्त बिनदुधाचा चहा टाकला, वर लिंबू पिळलं.

शब्द काही अण्णांनी घरी पाडलेला नाही. सरकारी कागदावरचाच आहे. आयोग निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर करतो, कारखाना ऊसतोडणीचा कार्यक्रम लावतो. अण्णांनी फक्त कागदाच्या पुढचं वाचलं. तोडणीच्या कार्यक्रमात त्यांच्या फडाचा नंबर लांबला, ऊस वाळत चालला, वजन घटलं. तेव्हा म्हणाले, “कार्यक्रम उसाचा लावला, झाला माझा.” 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याचंही वर्णन याच शब्दात. पंचनाम्याला पानं लागली, अण्णांना दोन शब्द पुरले.

राजकारणात तर हा शब्द नुसता धावतो. 2021 साली सांगलीच्या महापौर निवडणुकीत जयंत पाटलांनी भाजपचं बहुमत असताना महापौर राष्ट्रवादीचा केला आणि ‘करेक्ट कार्यक्रम’ महाराष्ट्रभरच्या मथळ्यांत गाजला. त्यासोबत ‘टप्प्यात आला की’ हेही जोडून आलं. अण्णांना त्याचं काही कौतुक नाही. सिंदफणेवरचं आमचं धरण जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातलं. पैठणच्या उजव्या कालव्यातून पाणी आलं तर आलं. “आपुन तर पहिल्यापसून टप्प्यातच हावोत,” अण्णा म्हणतात, “कार्यक्रम व्हायला कितीसा उशीर?”

एकदा मी शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, अण्णा, आपल्या तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट आहे, देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या काळातला. शके 1232, म्हणजे इसवी सन 1310. आणि पुढच्या आठेक वर्षांत यादवांचं राज्यच संपलं. अण्णांनी बशी खाली ठेवली.

“म्हंजे इकडं ताम्रपटाचा कार्यक्रम केला, अन् तिकडं तेंचाच कार्यक्रम झाला?”

इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण मला इतक्या थोडक्यात कधी सापडलं नव्हतं.

अडचण होते ती फोनवर. समोर असले की भुवयांवरून अर्थ लागतो. फोनवर भुवया येत नाहीत. “उद्या कार्यक्रम हाय, या” एवढंच बोलतात आणि ठेवून देतात. यावर मी एक युक्ती काढली होती. विचारायचं, “गोड का तिखट?” तिखट म्हणाले की कंदुरी, बोकड पडलंय, संध्याकाळी मळ्यात जायचं. गोड म्हणाले की साखरपुडा, डोहाळजेवण, वास्तुशांत, काहीतरी शुभ. ही युक्ती मी चारचौघांना सांगतही असे.

2023 चा अधिक श्रावण होता. पुरुषोत्तमपुरीला गाड्यांची रीघ, घरोघरी जावयांना धोंडे. अण्णांचा फोन आला.

“उद्या दाजीचा कार्यक्रम हाय. दोघंबी या.”

“गोड का तिखट?”

“गोड.”

दाजी म्हणजे अण्णांच्या घरचे थोरले जावई. धोंड्याचा महिना, गोड जेवण. शंका घ्यायला जागाच नव्हती. बायकोनं पैठणी काढली. मी टॉवेल-टोपी घेतली, वर एक मोठा हार घेतला. मंडपात शिरलो तर पंगत बसलेली, पण बायकांच्या अंगावर साधी लुगडी, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. समोर पाटावर दाजी होते. फोटोत. दिवा लावलेला.

तेराव्यालाही आमच्याकडं ‘गोड जेवण’च म्हणतात, हे मला तिथं उभ्या-उभ्या आठवलं. हातातला हार लपवण्याएवढा लहान नव्हता. बायको खांबाआड गेली आणि पदर जितका घट्ट ओढता येतो तितका तिनं ओढून घेतला, पण पैठणीचे मोर काही झाकता झाकेनात. तेवढ्यात अण्णा पुढं आले, माझ्या हातातून हार घेतला, फोटोला घातला. डोळे पुसले.

“बरं केलं, हार आणलात. गडबडीत आमचा राहिलता.”

टॉवेल-टोपीही त्यांनी तशीच ठेवून घेतली, दुखवट्याची म्हणून. घरी येईपर्यंत बायको स्कूटरवर एक शब्द बोलली नाही. माझा कार्यक्रम घरी झाला.

तेव्हा माजलगावातून कार्यक्रमाचं बोलावणं आलं तर हार आणि टॉवेल-टोपी बिनधास्त घेऊन जा, दोन्हीकडं चालतात. पैठणी मात्र मंडप दिसेपर्यंत पिशवीत राहू द्या.