शिवडी जेटीवरील छायाचित्रकारांसाठी साठवणविषयक मार्गदर्शक तत्त्वे

नियम पहिला : डबा घेण्याआधी बोट आवरा. शिवडीच्या खाडीत भरती चढू लागली, की चिखलात चरणारे फ्लेमिंगो किनाऱ्याकडे सरकतात आणि जेटीवरच्या तमाम भिंगधारकांची बोटं बटणावर चिकटतात. सेकंदाला दहा फोटो, प्रत्येकी 30 एमबीची रॉ फाइल, म्हणजे गूगलची फुकटातली 15 जीबी जागा पन्नास सेकंदांत भरली. तेवढ्यात पक्ष्याने चिखलातून मान वरसुद्धा काढलेली नसते. गूगलने 1 जून 2021 पासून अमर्याद फुकट साठवण बंद केली, तेव्हापासून ही मंडळी घरगुती नेटवर्क स्टोरेजच्या, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या डब्याच्या, शोधात आहेत. आणि जागा कमी पडते म्हणून चार डिस्कचा डबा हवा, असा त्यांचा युक्तिवाद असतो. जागा कमी पडत नाही हो, गुलाबी पार्श्वभाग जास्त झालेत!

नियम दुसरा : दोन डिस्कचा साधा डबा पुरतो. फोटो नुसते ठेवायचे असतील तर महागडा प्रोसेसर शोभेपुरताच. वाचलेले पैसे डिस्कवर घाला आणि दुकानदाराला ‘सीएमआर आहे ना?’ एवढं विचारा. सीएमआर डिस्क माहितीचे माग (ट्रॅक) शेजारीशेजारी लिहिते, एसएमआर डिस्क ते एकमेकांवर चढवून लिहिते. त्यामुळे एक डिस्क मेल्यावर दुसरीवरून नवी भरताना ती रडत बसते. नेटवर्क स्टोरेजसाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क याच जातीच्या असल्याचं वेस्टर्न डिजिटलने 2020मध्ये मान्य केलं होतं, तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. आता कुणी म्हणेल, दोन डिस्कवर तेच फोटो असले की बॅकअप झालाच. नाही झाला. तुम्ही चुकून फोल्डर उडवलात, तर दुसरी डिस्कही तो आज्ञाधारकपणे त्याच क्षणी उडवते. आणि पाणी घरात शिरलं तर दोघी एकाच डब्यात भिजतात. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्याने कुणाचा डबा किती डिस्कचा ते विचारलं नाही. म्हणून तिसरी प्रत साध्या बाहेरच्या डिस्कवर काढून डोंबिवलीच्या बहिणीकडे द्या. महागड्या डब्यापेक्षा दुसरं घर स्वस्त पडतं.

नियम तिसरा : 160 चौरस फुटांच्या खोलीत डबा उशाशी ठेवू नये. डिस्क रात्रभर कुरकुरते, मग घरातली माणसंही.

नियम चौथा : पुसा. यावर आक्षेप असा, की कुठला फोटो उद्या मोलाचा ठरेल हे आज कसं कळणार? आक्षेप खरा आहे. याच खाडीवरच्या अटल सेतूचं उद्घाटन 12 जानेवारी 2024ला झालं. फ्लेमिंगो पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येतील, पूल नसलेली खाडी काही परत येणार नाही. मागे कोपऱ्यात सहज आलेलं ते मोकळं पाणी आज पक्ष्याहून दुर्मीळ आहे. तसला फोटो जरूर ठेवा, तिन्ही ठिकाणी ठेवा. पण चाळीस हजारांच्या ढिगात जो सापडत नाही, तो डब्यात असून नसल्यासारखाच. तेव्हा त्याची एकोणचाळीस जुळी भावंडं पुसा, आणि फोल्डरवर तारीख व जागा लिहा. ‘न्यू फोल्डर 7’ हे गावाचं नाव नव्हे.