खेकड्याला नमस्कार

दिल्लीच्या चाणक्यपुरीत परदेशी वकिलातींच्या शेजारात १९७७ पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. इथल्या बहुतेक गाड्या जागच्या हलत नाहीत, आरक्षण लागत नाही, लोकलसारखी चौथी सीट हा प्रकार नाही. तरी आमच्या ग्रुपातल्या दोघांनी फाटकातून आत शिरताच सवयीने खिशातले रुमाल काढले.

पहिली गर्दी राजेरजवाड्यांच्या सलूनपाशी. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला, त्याच्यासाठी बांधलेला डबा इथे आहे. बडोद्याच्या गायकवाडांचाही आहे. आत जाऊ देत नाहीत. जन्मभर डब्यातून बाहेर बघायला खिडकी मिळावी म्हणून भांडलो. इथे बाहेरून आत बघायच्या खिडकीसाठी भांडलो. एक वहिनी बराच वेळ काचेला नाक लावून होत्या. निकाल दिला, "डबा ठेवायला जागा कुठंय?"

माझं मन मात्र पतियाळाच्या मोनोरेलवर जडलं. १९०७ सालची करामत. रूळ एकच, गाडीचा बहुतेक भार त्यावर आणि तोल सांभाळायला बाजूला एक मोठं चाक, ते थेट रस्त्यावरून चालणार. इंजिनं बर्लिनहून आणली, पण गाडी ओढायचं काम बरंचसं खेचरांनीच केलं. संस्थानाला ती लष्करासाठी पोसावीच लागत, मग रिकामी का ठेवा? असला हिशेबी कारभार फार थोड्यांना जमतो. पुढे मोटारी आल्या, आणि १९२७ मध्ये हे सगळं बंद पडलं.

आणखी एक इंजिन आहे, बिनविस्तवाचं. कारखान्याच्या बॉयलरमधून वाफ भरून घ्यायची आणि ती संपेपर्यंत धावायचं. ठिणगी उडून चालणार नाही अशा ठिकाणी हे फार सोयीचं. ऊब दुसऱ्याची आणि शिटी स्वतःची, असे साहेब मी नोकरीत पाहिलेत. ते इतके उपयोगी नव्हते.

मग आमचे बापूकाका एकदम थबकले. मध्य रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. समोर लांब नाकाडाचं विजेचं इंजिन, नाव ‘सर लेस्ली विल्सन’. मुंबईचे हे गव्हर्नर. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी सुटली ती त्यांच्याच हस्ते. पण घाटात काम करणाऱ्यांनी गव्हर्नरसाहेबांचा मुलाहिजा ठेवला नाही. या जातीच्या इंजिनाला ते सरळ ‘खेकडा’ म्हणत. कर्जतच्या पुढे बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे; तिथे कण्हत-कुंथत मालगाड्या चढवल्या त्या यानेच.

काकांनी चपला काढून नमस्कार केला. शेजारच्या दिल्लीकराने गोंधळून विचारलं, "भाईसाब, यहाँ कोई मंदिर है?"

"है ना," काका म्हणाले, "कर्जत का."

तुम्ही जाल तर खेकडा आधी बघा, सलूनच्या रांगेत नंतर उभे राहा. सोमवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.