शंभर एमबीची गाडीवाट

मे महिन्याच्या दुपारी नांदेडात माणूस काहीही करून बसतो. मी लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स बसवायला घेतलं. डिस्कच्या वाटण्या उघडल्या, तर सुरुवातीलाच शंभर एमबीचा एक तुकडा. ना नाव, ना ड्राइव्हचं अक्षर. पाचशे जीबीच्या रानात ही चिंधी पडीक कशाला, म्हणून उडवली. मशीन बंद करून चालू केलं. काळा पडदा. बूट करण्याजोगं काही सापडत नाही म्हणे.

लातूरचे दाजी आलेले होते. निवृत्त तलाठी. सुशीला खाता खाता शेंगदाणे वेचून ताटाच्या कडेला लावत होते. ते शेवटी खातात.

"काय करायलास?"

सांगितलं. मोबाइलवर वाचून कारणही सांगितलं: मशीन जागं झालं की यूईएफआय आधी त्या तुकड्यात शिरतं, कारण त्याला साधं फॅट ३२ वाचता येतं, विंडोजचं एनटीएफएस सहसा नाही. तिथली फाइल उचलतं, ती विंडोजला उठवते.

"म्हणजे गाडीवाट मोडलीस की रे!" दाजींना निवृत्तीनंतर एवढा आनंद पहिल्यांदाच झाला असावा. "घर शाबूत, पीक शाबूत, जायला रस्ता नाही. आता दप्तर दाखव."

जुनी एमबीआर पद्धत सांगितली. पहिल्या ५१२ बाइटांत सगळा कारभार, त्यातल्या ६४ बाइटांत वाटण्या. त्या फक्त चार.

"आणि पाचवा भाऊ?"

"एकाच्या वाटणीत आणखी तुकडे पाडायचे."

"पोटहिस्सा!" मग कपाळाला आठी. "सातबारा एकच, तोही पहिल्या पानावर? ते पान भिजलं म्हंजे?"

शिवाय दोन टीबीपुढचं रान त्या दप्तरात सहसा मावत नाही, हे मी सांगितलंच नाही. त्यांनी माझीच बदली केली असती. नव्या जीपीटीत नोंदी सहसा १२८ आणि सगळ्या दप्तराची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी, हे ऐकून मात्र त्यांनी पहिला शेंगदाणा तोंडात टाकला.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हापासून दाजींकडे प्यायचं, वापरायचं आणि 'हात लावायचा नाही' असं पाणी वेगवेगळं असतं. त्यामुळे माझी कागदपत्रं लिनक्सच्या वाटणीत ठेवायची नाहीत, त्यांना स्वतंत्र रान द्यायचं, हा हुकूम सुटला. मी पेनड्राइव्हवरून दुरुस्तीत शिरलो आणि मोकळ्या जागेत नवी वाट काढली. पाचशे एमबीची. ट्रॅक्टर जाईल अशी.

दाजींनी एसटीच्या तिकिटामागे माझ्या रानाची चतुःसीमा लिहायला घेतली. उत्तर-दक्षिण डिस्कला नसते, हे त्यांना पटवायला चहा लागला.

"पूर्वेस?"

"लिनक्स."

"पश्चिमेस?"

"तिथं डिस्क संपते, दाजी."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: 'नदी.'